नीलच्या चित्रांसाठी सही

ब्राह्मणपारा, रायपूर
३ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार लिहिते. तो घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, म्हणून जयस्तंभ चौकातल्या मोठ्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवते आहे. पत्र कामाचं आहे. वाचल्याशिवाय फाडू नकोस.

सोबत एक फॉर्म आहे. डॉक्टर भार्गवांना नीलच्या एमआरआयची चित्रं त्यांच्या लेखात छापायची आहेत आणि एका परिषदेत दाखवायची आहेत. त्याचं नाव कुठेच येणार नाही, फक्त 'पेशंट क्रमांक चार'. वडील म्हणून तुझी सही लागते. जिथे करायची तिथे मी पेन्सिलनं फुली केली आहे.

फॉर्मवर लिहिलेलं सगळं तुला माहीत आहे, पण वहिनी विचारतील म्हणून सोप्या भाषेत देते. नीलच्या कमरेच्या हाडातून मगज काढला, त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांना लोहाचे अगदी बारीक कण पाजले, आणि त्या पाठीच्या कण्यात, मार लागला होता तिथे सोडल्या. लोह असलं की एमआरआयमध्ये ती जागा काळी दिसते. त्यामुळे पेशी कुठे गेल्या, तिथेच थांबल्या की निघून गेल्या, हे न कापता, न उघडता बघता येतं. दर महिन्याला तो स्कॅन मी करत होते. त्या नऊ महिन्यांच्या चित्रांसाठी ही सही आहे.

फॉर्म परत पाठवायला सोबत दुसरं पाकीट घातलं आहे, पत्ता लिहून.

माझं म्हणशील तर मी त्याच हॉस्पिटलात, त्याच मशीनवर आहे. नीलची खोली तशीच आहे. नीलचे कपडे धुऊन ठेवले आहेत. ती चाकाची खुर्ची तू बिलासपूरला नेणार आहेस की इथे कोणाला देऊ, तेवढं कळव.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "काहून सांगितलंस तू त्याले? तुले कोणी विचारलं होतं?" तेव्हा मी गप्प राहिले. आता एकदाच लिहिते. त्यानंच विचारलं होतं, दादा. मी खरं सांगितलं, एवढंच मी केलं. यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

ज्ञानदा


ब्राह्मणपारा
२४ नोव्हेंबर २०२५

दादा,

फॉर्म मिळाला. फुलीवर तुझी सही आहे, तारीख आहे. बाकी पाकिटात काहीच नव्हतं. मी ते उलटं करून झटकलं, एखादी चिठ्ठी आत चिकटली असेल म्हणून.

खरं सांगू? मला वाटलं होतं तू फाडशील. त्याच भरवशावर मी तो पाठवला होता. तू नाही म्हणाला असतास तर मी डॉक्टरांना सांगितलं असतं, घरचे तयार नाहीत, आणि विषय संपला असता. पण तू सही केलीस. म्हणजे तुझा राग त्या इलाजावर नाहीच, फक्त माझ्यावर आहे.

फॉर्म अजून माझ्या पर्समध्येच आहे. डॉक्टर दोनदा विचारून गेले. "अभी डाक से आया नहीं सर," असं मी सांगितलं.

काहून दिला नाही, ते लिहायला बसले आणि पहिला स्कॅन आठवला. गेल्या वर्षीचा एप्रिल महिना होता. नीलला मशीनमधून बाहेर काढलं तर त्यानं मान वळवून पहिली गोष्ट विचारली, "आत्या, मेरी टीम पहुँच गई?" मी त्याला पडद्यावर दाखवलं. पांढऱ्या दोरीसारखा कणा आणि त्यात तिळाएवढा काळा डाग. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इतने से में दो करोड़ हैं?" मी म्हटलं, हव, दोन कोटी. तेव्हा तो हसला. अपघातानंतर आठ महिन्यांनी मी त्याला तसं हसताना पाहिलं. तुला फोन लावून दिला आणि तू तिकडे बिलासपूर स्टेशनात ड्यूटीवर असताना रडलास. आठवतं?

तेव्हा आपण म्हणत होतो, नशीब तरी बरं. हायवेवर बसलेल्या गाईला वाचवताना गाडी घसरली, पण मणका सरकला नाही, स्क्रू टाकावे लागले नाहीत. फक्त आतली दोरी चेपली. धातू नव्हता म्हणून चित्र स्वच्छ येणार होतं, आणि म्हणूनच तो डॉक्टरांच्या अभ्यासात बसला. मीच तुला फोन केला होता. मीच म्हणाले होते, दादा, त्याला माझ्याकडे आण.

आता असं झालंय की हॉस्पिटलात एक मुलगी आली आहे. अनुश्री, सतरा वर्षांची. गच्चीवरून पडली. कमरेखाली काही जाणवत नाही. तिचे वडील देवीदास, गोल बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. मागच्या मंगळवारी डॉक्टर भार्गव त्यांना माझ्या खोलीत घेऊन आले आणि मला म्हणाले, "ज्ञानदा, वो चार नंबर वाला लगाइए।" मी लावलं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, "देखिए, नौ महीने बाद भी सेल अपनी जगह पर हैं।" देवीदास हात जोडून पडद्याकडे बघत होते, देवळात बघतात तसे.

तो लड़का अब कैसा है, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "उसको दूसरी तकलीफ़ हो गई थी।"

मी कीबोर्डकडे बघत राहिले.

तुझी सही दिली की ते चित्र देशभर जाईल. म्हणून दिली नाही. पण याच्यामागचं तुला माहीत नाही, आणि ते लिहायला मला अजून थोडे दिवस लागतील.

ज्ञानदा


९ डिसेंबर २०२५

दादा,

आज सुट्टी टाकली आहे. दुपारी बसून लिहिते.

२०२४ च्या जुलैमध्ये आम्हा टेक्निशियन लोकांसाठी एक ऑनलाइन व्याख्यान झालं. बोलणाऱ्या बाई हैदराबादच्या होत्या. त्यांनी दोन उंदरांची चित्रं शेजारी शेजारी लावली. दोघांच्याही मेंदूत लोह पाजलेल्या पेशी सोडल्या होत्या. एकात जिवंत पेशी. दुसऱ्यात सोडायच्या आधीच मारून टाकलेल्या. सहा आठवड्यांनंतर दोन्हीकडे काळा डाग सारखाच होता. कोणतं कोणाचं, ते सांगता येत नव्हतं.

पेशी मरते, लोह तिथेच पडतं. मग शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी येतात, ते लोह गिळतात आणि तिथेच बसून राहतात. मशीनला लोह दिसतं. ते कोणाच्या पोटात आहे हे मशीनला कळत नाही.

त्या वेळी मी डबा खात होते. घास तसाच राहिला. माझ्याकडे नीलचे चार स्कॅन झाले होते आणि त्याच्या पायाचा अंगठासुद्धा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर भार्गवांकडे गेले. विचारलं, "सर, यह जो काला दिख रहा है, इससे यह कैसे पता चलेगा कि सेल जिंदा हैं?"

ते चिडले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "नहीं पता चलेगा। हमने रिपोर्ट में कहीं लिखा भी नहीं कि जिंदा हैं। हमने लिखा है, सिग्नल मौजूद है।"

मी म्हटलं, "पर वह लड़का तो वही समझता है सर। और मेरा भाई भी।"

"देखिए, मुझे सच में नहीं मालूम। कुछ मरे होंगे, कुछ बचे होंगे। लड़का रोज़ चार घंटे कसरत कर रहा है। आप उसको यह बोल दीजिए, वह कल से बंद कर देगा। फिर नुकसान किसका?"

दादा, त्या माणसाला शिव्या द्यायला मला सोपं गेलं असतं. पण मला ते पटलं. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा मला हलकंच वाटलं, की आता हे मला सांगावं लागणार नाही, मोठ्या डॉक्टरांनीच नको म्हटलंय.

तू दर रविवारी मेमू लोकलनं यायचास. चप्पल काढायच्या आधी दारातच विचारायचास, "कशा आहेत त्या?" पाव्हण्यांची चौकशी करावी तसं. आणि मी म्हणायची, "आहेत दादा, जागच्या जागी आहेत." जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत किती रविवार झाले असतील? प्रत्येक रविवारी मी हेच म्हटलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी ते जमवूनच तसं बोलायला शिकले होते.

एवढंच असतं तरी मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण ऑगस्ट आला. नीलच्या कॉलेजातून वहिनींना फोन आला होता ना, की दुसऱ्या वर्षाचे वर्ग तळमजल्यावर घेऊ, रॅम्प करून देऊ, वीस तारखेपर्यंत फॉर्म भरा? वहिनी मुद्दाम शाळेतून सुट्टी काढून इथे आल्या. नील म्हणाला, "मम्मी, इस साल क्यों? अगले साल चलके जाऊँगा।" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ज्ञानदा, तू रोज बघतेस आतलं. काय करू, भरू का फॉर्म?"

वहिनी मला इतकं थेट कधी काही विचारत नाहीत. मी म्हटलं, "त्याच्या मनासारखं होऊ द्या."

वीस तारीख गेली. तू आणलेली खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलीच राहिली. विशाल, त्याचा कसरतवाला, म्हणायचा, हिच्यात बसून तुला निदान बूढ़ा तालाबपर्यंत फिरवून आणतो. नील म्हणायचा, "पैक रहने दो भैया, वापस हो जाएगी।" मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

त्याचं एक वर्ष, दादा. खुर्चीत बसून का होईना, मित्रांमध्ये गेलं असतं. ते मी घालवलं. भार्गवांनी नाही.

उरलेलं पुढच्या पत्रात. तू ही पत्रं वाचतोस की नाही मला कळत नाही. पोचपावतीवर सही तुझी असते, एवढं दिसतं.

ज्ञानदा


२७ डिसेंबर २०२५

दादा,

परवा तिथीनं नीलचं वर्षश्राद्ध. मला बोलावणं नाही, आणि मी येणारही नाही. पण त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून स्पीडपोस्टनं पाठवते आहे. श्राद्धाच्या दिवशी पोचलं तर त्या दिवशी उघडू नकोस. वहिनींच्या समोर तर नकोच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, त्यानंच विचारलं होतं. ते खोटं आहे. त्यानं विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षीची २३ नोव्हेंबर, शनिवारची सकाळ. मला आठला निघायचं होतं. दिवसाची बाई आली नव्हती. मी त्याला एकटीनं उचलून बसवलं आणि माझ्या कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी म्हटलं, नील, आज खुर्चीत बस, मला सोपं जाईल, मी शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून जाते. तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "आत्या, तुम लोग कितनी जल्दी हार मान लेते हो। मेरी टीम अंदर लगी हुई है और तुम मुझे कुर्सी पे बिठा रहे हो।"

आणि मी ओरडले, "कोणती टीम रे? मेल्या त्या! कवाच्याच मेल्या! जुलैपासून मले मालूम आहे!"

खरं सांगणं म्हणतात ते हे नव्हे. माझी कमर दुखत होती, मला उशीर होत होता, आणि मी त्याच्या अंगावर फेकलं.

तो रडला नाही, ओरडला नाही. पेशींबद्दल एक शब्द त्यानं विचारला नाही. फक्त म्हणाला, "जुलाई से?"

मी त्याच्या पाठीमागची उशी सारखी करायला लागले.

"फिर अगस्त में बोला क्यों नहीं?"

मी त्याच्या पायापाशी बसून राहिले. मशीनवर त्या दिवशी कोण होतं, मी न कळवता गेले नाही ते हॉस्पिटलनं कसं चालवून घेतलं, आठवत नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो. शेवटी तो म्हणाला, "पापा को मत बोलना। संडे को उनका चेहरा देखा है कभी, आते टाइम?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तू आलास, विचारलंस, कशा आहेत त्या. माझ्याआधी नीलच म्हणाला, "मस्त हैं पापा।" त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा खोटं ऐकलं, आणि ते माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

यानंतरचं लिहायला मला सर्वांत जड जातंय.

विशालला त्यानं परत पाठवलं. सर्दी आहे, पोट बिघडलंय, मग सरळ, मन नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, ते तो करू देईना. हात लावला की म्हणायचा, "रहने दो ना आत्या।" मी एकदा सांगायची, दोनदा सांगायची, मग राहू द्यायची. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. माझा अधिकारच गेला होता.

डिसेंबरचा, नववा स्कॅन पहिल्याच आठवड्यात झाला होता. ८ डिसेंबरला चादर बदलताना मला माकडहाडावर जखम दिसली. रुपयाच्या नाण्याएवढी, काठ काळपट. मी पंचवीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत. ते काय आहे हे मला विचारावं लागलं नाही. त्याच दिवशी त्याला भरती करायला हवं होतं.

मी केलं नाही. भरती केलं असतं तर विचारलं असतं, कसरत कधी बंद झाली, कूस का बदलली नाही. विशालनं सांगितलं असतं. तू विचारलं असतंस, पोट्टा एकाएकी असा काहून पडून राहिला. आणि मग जुलै, ऑगस्ट, सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी घरीच ड्रेसिंग करत राहिले, सकाळी एक, संध्याकाळी एक. सदर बाजारातल्या दुकानातून पट्ट्या आणायची, हॉस्पिटलच्या समोरच्यातून नाही, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. त्याला खाली काही जाणवत नव्हतं. तो मोबाइल बघत पडून राहायचा आणि मी मागे बसून त्याची जखम धुवायची. ती मोठी होत होती. मला दिसत होतं.

१५ तारखेला तू आलास. त्याच्या खाटेवर टेकलास आणि म्हणालास, "काही तरी वास येऊन राहिला ग." मी म्हटलं, फिनाईल बदललंय. नीलनं माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाला, "पापा, मैच लगाओ ना।" तुम्ही दोघांनी मॅच बघितली. तुझ्या हातापासून ती जखम वीतभर अंतरावर होती.

२९ ला, तू परत गेल्यावर, ताप आला. मी गोळ्या दिल्या. २ जानेवारीला तो बरळायला लागला तेव्हा मी अँब्युलन्स बोलावली आणि तुला फोन केला. तुला सांगितलं, जखम अचानक झाली, दोन दिवसांत पसरली. तू विश्वास ठेवलास. पंचवीस दिवस झाले होते, दादा. पंचवीस.

आयसीयूत शेवटी शेवटी तो शुद्धीवर आला तेव्हा त्यानंच तुला सांगितलं ना, आत्या ने बोला था सब मर गए? तुला वाटलं मी तेव्हाच, तापात असताना, काही बोलले. म्हणून तू जिन्यात मला तसं बोललास. आणि मी तो आरोप चालवून घेतला. तो लहान होता. त्याच्या आड मोठा झाकला जात होता. वर्षभर मी 'खरं बोलणारी बाई' होऊन राहिले आणि तू मला त्यासाठी शिव्या देत राहिलास.

पोलिसांत द्यायचं असेल तर दे. मी नाही म्हणणार नाही.

ज्ञानदा


१८ जानेवारी २०२६

दादा,

तुझं पत्र मिळालं. पुन्हा लिहू नको म्हटलंस, तरी हे एक लिहिते.

मी तुझं वाक्य न् वाक्य पाठ केलं आहे. "सही राहू दे. पोट्ट्याचं काही तरी नऊ महिने जितं होतं असं कुठं तरी छापून येऊ दे. जखमेचं तुझ्या वहिनीले सांगितलं नाही, सांगणार पण नाही. तूही सांगू नको. पुन्हा पत्र टाकू नको." एवढंच. मी शिव्यांची वाट बघत होते. त्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तू मागितलेली एकच गोष्ट, आणि ती मी दिली नाही. फॉर्म मी डॉक्टरांना दिला नाही, देणारही नाही. त्याऐवजी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला एक कागद दिला. पेशंट क्रमांक चारला काही फायदा झाला नाही. काळा डाग म्हणजे जिवंत पेशी नव्हेत. पेशंट बेडसोरच्या जंतुसंसर्गानं गेला. तो बेडसोर मी, त्याच्या आत्यानं, लपवला. खाली सही केली. तुझी सही डावलून माझी केली.

मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. कमिटीनं मला बोलावलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. एक बाई तर रडल्या. मग ठरलं ते असं, की पेशंटला देतात त्या हिंदी माहितीपत्रकात एक ओळ वाढवायची: एमआरआय में दिखने वाला निशान कोशिकाओं के जीवित होने का प्रमाण नहीं है। एवढंच. अभ्यास चालू राहील. नीलचं चित्र वापरणार नाहीत. डॉक्टर भार्गव बाहेर भेटले. म्हणाले, "आपने ठीक किया।" आणि निघून गेले. त्यांचे खांदे मला त्या दिवशी फार उतरलेले दिसले. नोकरीवरून कोणी काढलं नाही. विचारलंही नाही.

काल मी देवीदासांच्या दुकानात गेले. त्यांना अजून ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती. गोल बाजारात गर्दी होती, ते स्टुलावर बसून बांगड्यांचे डबे लावत होते. मला ओळखलं, चहा मागवला. मी त्यांना सगळं सांगितलं. उंदरांचं, लोहाचं, नीलचं. जखमेचंसुद्धा. तोवर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांना त्यांनी माप घेऊन बांगड्या भरल्या, आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

शेवटी म्हणाले, "मतलब मर भी सकते हैं, और नहीं भी।"

मी म्हटलं, "मर जाने के चांस बहुत ज़्यादा हैं भैया।"

"पर पक्का आपको भी नहीं मालूम।"

"नहीं।"

त्यांनी हातातला डबा फळीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दीदी, आपको यह सब पहले दिन मालूम होता, तो आप अपने भतीजे को मना कर देतीं?"

दादा, मी खूप प्रयत्न केला. दुकानात बसून मी मनात ते एप्रिलपर्यंत मागे नेलं, तुला फोन करायच्या आधीपर्यंत नेलं. नील तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचा, आठवतं ना? वहिनी त्याच्या पानात जेवण वाढायच्या आणि तसंच उचलायच्या. मी हो म्हणू शकले नाही. नाहीही म्हणू शकले नाही.

त्यांना उत्तर कळलं. ते म्हणाले, "अनु को मैं बोल चुका हूँ दीदी। अब पलट के क्या बोलूँ? वो कल से खाना खा रही है।"

मी त्यांना कूस बदलायचं सांगितलं, दर दोन तासांनी, तिनं कितीही नको म्हटलं तरी. रोज पाठ बघायला सांगितलं, आरसा धरून, उजेडात. काही दिसलं तर त्याच दिवशी आणायचं, कोणाची लाज धरायची नाही. त्यांनी बिलाच्या मागे लिहून घेतलं. हेच कागदावर कोणी मला लिहून दिलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला तोंडपाठ होतं.

निघताना ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "स्कैन आप ही करेंगी ना? अनु बोल रही थी, वो दीदी रहेंगी तो मशीन में डर नहीं लगेगा।"

मी हव म्हटलं.

बुधवारी तिला पेशी सोडणार आहेत. शुक्रवारी पहिला स्कॅन. ती बाहेर येईल आणि मला विचारेल, आणि दादा, मी काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. ओळ आहे, ती वाचून दाखवीन. ती माझ्या तोंडाकडे बघेल.

तुझ्या मनासारखं एवढं एकही काम मी केलं नाही, याची लाज घेऊन राहीन. वहिनींना माझा नमस्कार सांगू नकोस. सांगितलास तर पत्र आलं होतं, हेही सांगावं लागेल.

ज्ञानदा